आठ खाचांची फीत

ता. २० फेब्रुवारी

चि. बारकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन पंधरवडा उलटला आणि उत्तर आज लिहायला बसले आहे, रागावू नकोस. शाळेने ऐंशी गणवेश एकदम टाकले आणि आपली काजवाली नेमकी बोट चिरून घरी बसली. म्हणजे शिवण माझी आणि काजंही माझीच. ऐंशी सदरे, प्रत्येकाला सहा काजं. आता झोपेतही बोटं चालतात. मास्तर मेहुण्यांचा खोकला कसा आहे? त्यांना सांग, वर्गात ओरडणं कमी करा, मुलं तशीही ऐकत नाहीत.

फोन का करत नाहीस म्हणून विचारतेस. अगं, फोन दुकानाच्या फळीवर, आणि माप द्यायला आलेल्या बायकांचे कान केवढे तिखट! मी इकडे शिंकले तरी तिकडे चौकात माझ्या सर्दीवर चर्चा होते. घरच्या गोष्टी कागदावरच बऱ्या.

आता एक गंमत सांगते. माझी पाळी परत आली आहे. सात वर्षं झाली होती तिला जाऊन. मी तिला रीतसर निरोप दिला होता, आणि बाई सहा ऑक्टोबरला पुन्हा दारात हजर! मग एक डिसेंबरला, बारा जानेवारीला, आणि आता सोळा फेब्रुवारीला. दुखत नाही, खुपत नाही. दोन-तीन दिवस राहते आणि जाते. एकोणसाठाव्या वर्षी एखादी बाई तरुण होत असेल तर कुणाचं काय जातं? आईलाही शेवटी तरुण झाल्यासारखं वाटायचं, नाही का? ती आरशासमोर उभी राहून हसायची आणि म्हणायची, मी आता उलटी चालले आहे, चालत चालत तुमच्याएवढी होईन. माझ्या अंगावर त्या वेळी काटा आला होता. आता वाटतं, तिला बरंच वाटत असेल.

दुकानातल्या कॅलेंडरवर खूण करायची सोय नाही. म्हणून मी आईच्या रीतीने फितीवर खाचा पाडते. तिला लिहिता येत नव्हतं, तेव्हा प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मापाची एक सुती फीत असायची. छातीला एक खाच, कमरेला एक, बाहीला एक, आणि फीत कुणाची ते कळावं म्हणून टोकाला त्याच्याच कापडाचा तुकडा टाचलेला. माझ्या फितीला मी माझ्या कामाच्या निळ्या झग्याचा तुकडा लावला आहे. एक बोट म्हणजे एक आठवडा. आता हस, पण मास्तरांना सांगू नकोस.

आहे हा लोभ उसवू देऊ नकोस.
तुझी,
ताई


ता. २६ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी वॉर्डातल्या चहाच्या खोलीत वाचलं आणि चहा तसाच राहिला. मला अजिबात हसू आलं नाही.

नीट ऐक. पाळी एकदा पुरतं वर्षभर बंद राहिली की त्यानंतर जे रक्त येतं ती पाळी नसते. तिचं सोंग घेऊन दुसरंच काहीतरी आलेलं असतं. चार वेळा येवो, एकदा येवो, नुसता डाग दिसो, तपासायचंच. दहातल्या नऊ बायकांमध्ये साधं कारण निघतं. आतलं अस्तर सुकून पातळ होतं आणि सहज खरचटतं, किंवा आत एखादा छोटा कोंब वाढलेला असतो, तो काढला की काम झालं. पण दहाव्या बाईचं साधं नसतं. आणि दुखत नाही म्हणून बरं आहे, असं समजणाऱ्या बायका मी तीस वर्षं पाहते आहे. जे सुरुवातीला दुखत नाही तेच उशिरा सापडतं.

मोठ्या डॉक्टरीणबाईंना मी विचारून ठेवलं आहे. आधी सोनोग्राफीने आतल्या अस्तराची जाडी मोजतात, मग लागलं तर चिमूटभर तुकडा काढून तपासायला पाठवतात. तू फक्त ये. गणवेश चुलीत गेले!

तरुण होण्याबद्दल म्हणशील, तर ताई, तुझ्या चेहऱ्यावरचं तेज मला पत्रातून दिसत नाही. मला दिसतं ते एवढंच की तू चार महिने गप्प बसलीस.

तुझ्या आशीर्वादाची भुकेली,
बारकी


ता. ८ मार्च

चि. बारकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

केवढं रागावतेस गं! परिचारिका झालीस ती माझ्यावर डाफरायलाच. येईन म्हणते ना, हे गणवेश गेले की येते. काजवालीचं बोट बरं झालं, पण तिच्या काजांना आता डोळा कमी आणि तोंड जास्त आहे.

पण हे पत्र त्यासाठी नाही. मंगळवारी दुपारी मी मागच्या खोलीतल्या खुंटीवरचा आईच्या फितींचा जुडगा उतरवला. तेहतीस वर्षं तो तिथेच आहे, मी फक्त धूळ झटकते. म्हटलं, निम्मी गिऱ्हाइकं वर गेली, आता आवरावं. तर जुडग्याच्या अगदी आत एक फीत निघाली, टोकाला राखी रंगाच्या जाड कापडाचा तुकडा. मी ओळखलाच. आईचं काम करतानाचं एप्रन. म्हणजे फीत तिची स्वतःची.

माप कुणाच्याही अंगाचं नव्हतं. छाती, कंबर, बाही काहीच जुळेना. नुसत्या आठ खाचा, पहिल्या दोन लांब लांब आणि पुढे जवळ जवळ येत गेलेल्या. खाचा तिच्याच हातच्या होत्या, आई डावखुरी, तिच्या सगळ्या खाचा डावीकडे झुकतात. माझ्या उजवीकडे. मी बोटांनी मोजलं. आठ बोटं, मग सहा, पाच, चार, तीन, दोन, एक.

मग माझी फीत काढून शेजारी ठेवली. बारके, माझ्या चार खाचा तिच्या पहिल्या चार खाचांवर बसल्या. एका दोऱ्याचा फरक नाही. मी दोनदा काढून पुन्हा ठेवल्या.

तिचा हिशेब खरा असेल तर माझी पाचवी खाच सोळा मार्चला पडेल. मग सहा एप्रिल, वीस एप्रिल, आणि आठवी सत्तावीस एप्रिल. त्यानंतर आईची फीत वीतभर कोरीच आहे, आणि तिच्या टोकाला गाठ नाही. तुला आठवत असेल, कपडा गिऱ्हाइकाच्या हाती गेला की ती फितीला गाठ मारायची.

जुडग्यात तुझीही एक फीत आहे. टोकाला तुझ्या शाळेतल्या हिरव्या चौकड्यांच्या फ्रॉकचा तुकडा. पण त्यावर एकही खाच नाही, तू वसतिगृहात गेलीस आणि तुला तिथला तयार गणवेश मिळाला. पिवळी पडली आहे बिचारी. तिला परत जुडग्यात बांधून ठेवलं.

तुला काय वाटतं ते लिही. आणि स्वतःच्या तब्येतीचंही कधी दोन ओळी लिही, मागच्या फोटोत गळ्याची हाडं मोजता येत होती.

माया आहे तशीच ठेव.
तुझी,
ताई


ता. १२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

घाईत लिहिते, दोन बाळंतपणं एकदम आली आहेत. मला काय वाटतं ते सांगते. मला वाटतं की तू मागच्या खोलीत फार वेळ बसतेस. सुती फीत तेहतीस वर्षांत आक्रसते, ताणते. चार खाचा जुळल्या म्हणजे आभाळ कोसळलं नाही. ती फीत गुंडाळून ठेव आणि बॅग भर. दोन एप्रिलला सकाळी दहाची वेळ घेतली आहे. त्याआधी मिळाली तर कळवते.

मास्तरांचा खोकला उतरला. इकडे हवा कोरडी आहे.

तुझी,
बारकी


ता. १७ मार्च

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

काल सोळा तारीख होती.

मी सकाळपासून जड काही उचललं नाही, पायमशीनवर बसले नाही, हातशिलाईच केली. मनात म्हटलं, बघू तर खरं, कोण जिंकतं. काजवाली जेवायला गेली होती. दुकानात ऊन आलेलं, रस्त्यावर पोरांचा गोंधळ, घाबरण्यासारखं काही नाही. आणि ओल्या लोकरीवर गरम इस्त्री फिरवली की येतो तो वास आला. माझी इस्त्री थंड होती, वायर काढून गुंडाळून ठेवलेली. दुकानात लोकरीचं कापड नाहीच, उन्हाळ्याचे गणवेश सगळे. वास मागच्या खोलीतून येत होता. मी दारात जाऊन उभी राहिले. खुंटीवर साठ-सत्तर फिती लटकलेल्या, खिडकी बंद. सगळ्या स्थिर होत्या आणि एक हलत होती. राखी तुकड्याची.

तेवढ्यात मला कळलं की आलं आहे. या वेळी दोन दिवसांचं वाटत नाही, जास्त आहे.

तुझ्याशी खोटं बोलणार नाही. मी घाबरले. पण थोडं बरंही वाटलं, हे कसं सांगू? आईने आयुष्यभर गावाची मापं घेतली आणि आपल्या दोघींना मात्र अंदाजानेच शिवलं. तिने आता सावकाश माझं माप घेतलं आहे असं वाटतं. मापाप्रमाणे कापड एकदा बेतलं की त्यापुढे वाद नसतो, हे तिनेच शिकवलं. मी तिकडे येऊन काय करू? सोनोग्राफीचं यंत्र काय सांगणार, जे फितीवर आधीच आहे?

दोन लग्नांचे पोशाख एप्रिलअखेर द्यायचे आहेत. तेवढे हातून व्हावेत.

तुझी,
ताई


ता. २२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आज सुट्टी घेतली आहे. एक गोष्ट मी तुला तेहतीस वर्षं सांगितली नाही, ती लिहायला.

मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होते. सुट्टीत घरी आले तेव्हा तू दुकानात असायचीस. एके दिवशी भरदुपारी मी मागच्या नळावर गेले तर आई कपडे धूत होती. घडीचे तुकडे, ढीगभर. मोरीतलं पाणी मी पाहिलं. मी विचारलं तर म्हणाली की आपल्या घरात पाळी उशिरा जाते. मग माझा ओला हात धरून शपथ घातली की ताईला सांगायचं नाही, ती काम टाकून बसेल. मी सांगितलं नाही. मला ते खरंच वाटलं, ताई. पुस्तकातलं ते पान मला अजून आलं नव्हतं. दुसऱ्या वर्षाला आलं, तेव्हा आई गेली होती. मी ते पान वर्गात वाचलं आणि तोंडावर पदर दाबल्यासारखा रुमाल दाबून बाहेर गेले. तेव्हापासून आजवर या वॉर्डात मी कुठल्याही बाईला गप्प बसू दिलेलं नाही. एकीला सोडून, आणि ती माझी सख्खी बहीण निघावी!

आठव्या खाचेनंतर फीत कोरी का आहे ते मला माहीत आहे. त्या खाचेनंतर तिचं थांबलंच नाही. जे थांबत नाही त्याची खाच कुठे पाडायची?

आता फितीचं. तुला वाटतं तिने तुझं माप घेतलं आहे. मला वाटतं तिला दाखवायचं होतं आणि कुणाला दाखवावं ते कळलं नाही. आमच्याकडे बाई आली की पहिला प्रश्न असतो, कधी आलं, किती दिवसांनी, अंतर कमी होत गेलं का. शिकलेल्या बायकांनाही सांगता येत नाही. आईने अक्षर न शिकता ते सगळं बरोबर लिहून ठेवलं आहे. तो तिचा केसपेपर आहे. कुणी वाचला नाही, म्हणून ती गेली. तू वाचला आहेस.

आणि माप घेतलं म्हणजे कपडा शिवून झाला, असं कधीपासून झालं? गिऱ्हाइकाचं अंग बदलेल म्हणून तू प्रत्येक शिलाईच्या आत दोन बोटं कापड दडपून ठेवतेस. स्वतःसाठी दोन बोटं ठेवायला काय झालं? दोन एप्रिल म्हणजे सहाव्या खाचेच्या आधी. दोन्ही फिती घेऊन ये, डॉक्टरीणबाईंना दाखवू. आली नाहीस तर मी येऊन काजवालीसमोर सगळं मोठ्याने बोलेन, मग चौकात चर्चा होऊ दे.

तुझ्यावाचून आईचं माणूस मला दुसरं नाही.
बारकी


ता. ८ एप्रिल

चि. बारकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सुखरूप पोचले. बसमध्ये शेजारच्या बाईने तीन तास स्वतःच्या गुडघ्यांचं पुराण लावलं, त्यामुळे विचार करायला सवड मिळाली नाही, ते बरंच झालं.

तुझ्यासमोर मी हसत होते, पण त्या टेबलावर पाय वर करून निजले तेव्हा मला रडू येत होतं. एवढी म्हातारी बाई आणि लाज कसली, असं तू म्हणालीस. लाज नव्हती गं. आई या टेबलावर कधी निजलीच नाही, एवढंच मनात येत होतं. डॉक्टरीणबाईंचा हात मात्र हलका आहे. पडद्यावर दाखवून म्हणाल्या की अस्तर चार मिलिमीटरच्या आत हवं, तुमचं चौदा आहे. मी म्हटलं, आमच्या धंद्यात अस्तर वरच्या कापडापेक्षा जड झालं तर कपडा लोंबतो. त्या हसल्या. तुकडा काढताना कळ आली, पाळीच्या पहिल्या दिवशी येते तशी, आणि गेली.

फिती त्यांनी हसण्यावारी नेल्या नाहीत, ते मला फार आवडलं. दोन्ही खिडकीशी नेऊन पाहिल्या आणि कागदावर आठवडे उतरवून घेतले. मग विचारलं की आईची अजून कोण मुलगी आहे, तिलाही तपासायला हवं. तू त्या वेळी सलाईनच्या रिकाम्या स्टँडचा स्क्रू घट्ट करत होतीस. त्याला बाटली नव्हती, बारके. तुझी पाळी जाऊन तीन वर्षं झाली ना? मी तुझ्या तब्येतीचं विचारलं की तू मास्तरांचा खोकला आणि तिकडची हवा कळवतेस.

परवा सहा तारीख होती. आलं. या वेळी वास आला नाही, फीतही हलली नाही. मी नुसती बसून राहिले आणि सहावी खाच पाडली. बरोबर जागी पडली.

रिपोर्ट कसाही असला तरी स्वच्छ लिही. मापात लपवाछपवी नको.

मायेत उणं पडू देऊ नकोस.
तुझी,
ताई


ता. १३ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

स्वच्छ लिहिते. कर्करोग आहे. पण सुरुवातीचा आहे, अस्तरातच आहे असं दिसतं. स्कॅनमध्येही बाहेर कुठे काही दिसलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की या जागचा हा रोग शहाणा असतो, आधी रक्ताने वर्दी देतो. वर्दी ऐकणारा हवा. गर्भाशय, दोन्ही नळ्या आणि दोन्ही अंडाशयं काढायची. पोटावर चार छोटी भोकं पाडून होतं, मोठा छेद नाही. नंतर पुन्हा तपासणी, आणि सगळं आत दिसतं तसंच निघालं तर पुढचं औषध बहुधा लागणार नाही.

अठरा एप्रिल ठरली आहे. मी आणखी पुढची तारीख घेऊ दिली नाही. वीसच्या आधी हवी, असं मी त्यांना सांगितलं. कारण विचारलं तर सांगणार होते, पण त्यांनी विचारलंच नाही. कागदावर उतरवलेले आठवडे त्यांच्या टेबलावरच होते.

पंधराला निघ. लग्नाचे पोशाख त्या दुसऱ्या शिंप्याकडे दे. दे म्हणजे दे. दुकानाला कुलूप लाव आणि किल्ली सोबत आण. मास्तरांनी त्यांची खोली तुझ्यासाठी रिकामी केली आहे, स्वतः दिवाणखान्यात पुस्तकांच्या ढिगात झोपणार आहेत.

मला भीती वाटते आहे, ताई. रोज दुसऱ्यांना धीर देते, स्वतःसाठी उरत नाही. तू ये, तू आलीस की येईल.

तुझी,
बारकी


ता. ३० मे

चि. बारकीस,
अनेक अनेक आशीर्वाद.

चार दिवसांपूर्वी घरी पोचले, पण पत्र आज जमतं आहे. पाणी भरायला काजवाली येते. तिने गावभर सांगितलं आहे की माझ्या पोटातून टरबुजाएवढं काहीतरी निघालं. मी म्हटलं, टरबूज तर टरबूज.

मास्तरांना माझे आशीर्वाद सांग. सहा आठवडे त्यांनी मला सूप करून घातलं आणि त्यात एकदाही मीठ बरोबर पडलं नाही. वीस एप्रिलला मी तुझ्या वॉर्डात पडून घड्याळ पाहत होते, आठवतं? आणि सत्तावीसला तुझ्या घरी. दोन्ही दिवस कोरेच गेले. शेवटच्या रिपोर्टात सगळं आतच होतं, शेजारून काढून तपासलेल्या गाठीही स्वच्छ, औषध नाही, फक्त तीन-तीन महिन्यांनी दाखवायचं. घरी आल्या आल्या मी माझी फीत काढली आणि सहाव्या खाचेनंतर गाठ मारली. आईच्या फितीचं मात्र धाडस होईना. तिला हात लावून परत ठेवली.

आता जे लिहिते ते शांतपणे वाच. वॉर्डात वाचत असशील तर घरी नेऊन वाच.

फीत परत ठेवताना जुडगा सुटला. तुझी फीत माझ्या हातात आली, हिरव्या चौकड्यांची. तिच्यावर एक खाच आहे.

मी मार्चमध्ये ती नीट पाहिली होती, कोरी होती, तुला तसं लिहिलंही आहे. फीत सगळी चहाच्या पाण्यासारखी पिवळी आहे आणि खाचेच्या कडा पांढऱ्या आहेत, आत्ताच कापल्यासारख्या. पंधरा एप्रिलपासून सव्वीस मेपर्यंत दुकानाला कुलूप होतं आणि किल्ली तुझ्या घरी माझ्या उशाखाली. काजवालीला विचारलं, तिने स्वतःच्या मुलांची शपथ घेतली. कसरीने खाल्लं असेल म्हणून मी भिंग लावून पाहिलं. कात्रीचीच खाच आहे. आणि ती डावीकडे झुकली आहे.

आपल्यात आता डावखुरं कुणी नाही.

बारके, मला खरं सांग. डॉक्टरीणबाईंनी मला निघताना परत बजावलं की माझ्या गाठीच्या तुकड्यावर घराण्यात उतरणाऱ्या दोषाची तपासणी पाठवली आहे, पण तिची वाट न बघता बहिणीला आणा. तू दाराशी उभी राहून बघू म्हणालीस. मे महिन्याच्या मध्यावर एक दिवस तू मोरीत फार वेळ होतीस आणि बाहेर आल्यावर विनाकारण भांडी घासत बसलीस. मी खाटेवरून ऐकत होते. त्या वेळी विचारलं नाही, हे माझं चुकलं. आपल्या घरात हेच चुकत आलं आहे.

उत्तर लगेच दे. नाही आलं तर टाके सांभाळत मी बसमध्ये बसेन.

तुझीच,
ताई


ता. ४ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अकरा मे.

सकाळी मोरीत गेले तेव्हा दिसलं. थोडंसंच होतं, नाण्याएवढं. तू शेजारच्या खोलीत पोटाला उशी लावून झोपली होतीस. मी तो कपडा स्वतः धुतला, भरदुपारी, नळाखाली, आणि धुताना मला आईचा हात दिसला. तरी मी बोलले नाही. म्हटलं, ताईचे टाके ओले आहेत, आता नको. म्हटलं, वॉर्डात माणूस कमी आहे, पुढच्या आठवड्यात बघू. म्हटलं, दहातल्या नऊ बायकांमध्ये साधंच निघतं. तीस वर्षं ज्या बायकांवर मी डाफरले, त्यांची सगळी वाक्यं मला तोंडपाठ निघाली. मास्तरांनाही सांगितलं नव्हतं. काल तुझं पत्र त्यांच्यासमोर वाचलं, आणि त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि बराच वेळ घातलाच नाही.

खाचेचं मला काही कळत नाही. मी उंदीर आठवला, कसर आठवली, तुझ्या डोळ्यांना अजून भुलीचा अंमल असेल असंही मनात आणून पाहिलं. पण अकरा मे मी कुणालाच सांगितलेला नव्हता. ती माझ्यावर रागावली असेल, ताई? तिने माझा हात धरून मला गप्प बसवलं होतं. मला वाटतं, तिला आता ती शपथ परत घ्यायची आहे.

तिच्या हिशेबाने दुसरी खाच सहा जुलैला पडेल. मी सहा जुलैची वाट पाहणार नाही. परवा गुरुवारी सकाळी दहाची वेळ घेतली आहे. वॉर्डाच्या वहीत नाव मीच लिहिलं, माझ्याच अक्षरात, इतक्या वर्षांत पहिल्यांदा रोग्याच्या रकान्यात. डॉक्टरीणबाईंनी वही पाहिली आणि माझी ड्यूटी खोडली. काहीही निघो, मी तुला स्वच्छ लिहीन, चौदा असलं तर चौदा. मास्तर सोबत येणार आहेत. तू बसमध्ये बसू नकोस, टाके सांभाळ. लागलं तर हाक मारीन, आणि या वेळी खरंच मारीन.

एकच काम कर. माझी फीत जुडग्यात परत बांधू नकोस. फेकू नकोस, लपवूही नकोस. समोर दिसेल अशी टांग. फक्त आईच्या फितीशेजारी नको. तुझ्या गाठ मारलेल्या फितीशेजारी टांग.

गुरुवारपर्यंत लोभ आणि धीर, दोन्ही पाठव.
तुझी,
बारकी